सात, अठरा, एकोणतीस

मोजमामाचा तराजूवर विश्वास नव्हता. बियाणे संशोधन केंद्रात तीस वर्षं त्यानं वजनंच केली. तरी रोज सकाळचं पहिलं काम काय, तर कपाटातलं पाच किलोचं पितळी वजन काढायचं, पारड्यात ठेवायचं आणि काटा बरोबर पाचावर थांबतो का ते वाकून बघायचं. थांबला तर दिवस सुरू. नाही थांबला तर समोर कुणी का उभा असेना, मामा पोत्याला हात लावायचा नाही. आधी हा खरं बोलतोय का बघू, मग याला विचारू, असं म्हणायचा. लोक वैतागायचे, पण त्याच्या वजनाला कुणी नाव ठेवलं नाही.

आला होता खुरपणीला. मोठे साहेब तेव्हा मोठे नव्हते, नुकते रुजू झालेले. हा गडी खुरपता खुरपता ओळीतली रोपं मोजतो आणि संध्याकाळी न विचारता आकडा सांगतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी त्याच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि पेन दिलं. दशांश चिन्ह कुठं द्यायचं हे साहेबांनी त्याला बांधावर बसून, मातीत काडीनं काढून शिकवलं. तेव्हापासून मामाला दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक. एक, सूर्य कुठं उगवतो. दोन, साहेब सांगतील ते बरोबर. बायको म्हणायची, साहेबांनी उद्या काटा उलटा टांगायला सांगितला तर हा स्वतः उलटा होईल, पण वाचून दाखवेल.

या माणसानं सख्ख्या बहिणीच्या घरची वाट अकरा वर्षं सोडली होती.

दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, याच केंद्रावर राखणदार होता. मामानंच चिकटवलेला. अकरा वर्षांपूर्वी साहेबांच्या नव्या वाणाची मोठी चाचणी लागली. एका शेताचे बत्तीस सारखे वाफे पाडले. वाण चार, प्रत्येक वाण आठ वाफ्यांत, आणि कुठला वाण कुठं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. पीक दाण्यात आलं आणि नेमकं तेव्हाच मामाच्या पोरीचं ऑपरेशन निघालं. मामा चार दिवस रजेवर. तेवढ्यात एका पहाटे गुरं कुंपण मोडून आत शिरली.

दाजी म्हणाला, कोपऱ्यातल्या दोन वाफ्यांच्या कडेच्या ओळी खाल्ल्या, तेवढ्यात मी हाकलली. साहेब म्हणाले, तीन वाफे पार भुईसपाट झाले, हा झोपला होता आणि आता सारवासारव करतोय. दाजीला काढून टाकलं. मामा परत आला तोवर मोडलेली ताटं उचलून जागा साफ केलेली. कुणाचं खरं मानायचं हा प्रश्नच त्याला पडला नाही. झोपलास ते झोपलास, वर खोटं बोललास, तेही माझ्या पिकाबद्दल, असं दाजीला चारचौघांत सुनावून तो जो निघून आला, तो परत त्या दारात गेला नाही.

अक्का मात्र फोन करत राहिली. दर वेळी तेच. एकदा येऊन यांच्याशी बोल. मामाही तेच म्हणायचा, बोलायचं काय त्यात. मग एका महिन्याच्या सुरुवातीला तिनं सांगितलं, पोरानं आम्हाला त्याच्याकडं बोलावलंय, महिनाअखेरीला हे घर सोडतोय. तिकडनं येणं व्हायचं नाही. त्याआधी ये. मामानं बघतो म्हणून फोन ठेवला. बघतो म्हणजे येत नाही, हे दोघांनाही कळलं.

त्याच महिन्यात केंद्रातलं आकडेमोडीचं विकतचं सॉफ्टवेअर बंद पडलं. मुदत संपली आणि वरनं मंजुरी आली नाही. संख्याशास्त्राच्या बाई नव्या होत्या, हातपाय गाळणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी चारही कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली आणि म्हणाल्या, यावर आर नावाचं सॉफ्टवेअर घालू, तेही मोकळं आहे, कुणाची परवानगी लागत नाही. एवढ्यात त्यांची आई जिन्यावरून पडली. बाईंना गावी जावं लागलं. ऑफिसातल्या एकेकानं हे आपल्या टेबलाचं काम नाही म्हणून मान फिरवली. शेवटी त्या मामाकडं आल्या. दोन पानांवर काय काय टाइप करायचं ते ओळीनं लिहून दिलं आणि म्हणाल्या, मामा, जसंच्या तसं करायचं. तुमच्याइतकं जसंच्या तसं इथं दुसरं कुणी करत नाही.

झालं. मामा काळी खिडकी उघडून बसला. लिनक्सची ही काळी खिडकी म्हणजे विहिरीत डोकावल्यासारखंच, नुसता अंधार आणि त्यात एक पांढरी रेघ लुकलुकत असते. पहिली ओळ टाइप केली. तिनं पासवर्ड मागितला. मामानं एक बोट दाबलं, काही उमटलं नाही. दुसरं दाबलं, काही नाही. कीबोर्ड मेला म्हणून त्यानं शेजारच्या टेबलावरच्या टपालबाबूचा कीबोर्ड उपसून आणला. तोही मेलेला. टपालबाबूनं मग तो स्वतः तपासला, जिवंत निघाला, आणि मामाचा हात यंत्राला लागला की यंत्र लाजतं असं त्यानं ऑफिसभर सांगितलं. अखेर बाईंना फोन लावला. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात होत्या, तरी हसल्या. म्हणाल्या, दिसत नाही मामा, पण जातंय. पासवर्ड लपवायची पद्धत आहे त्याची.

पुढचे दोन दिवस नातेवाईक गोळा करण्यात गेले. म्हणजे असं, की शेतीच्या चाचण्यांसाठी आरमध्ये एक वेगळं पॅकेज घालावं लागत होतं. ते म्हणे, अमुक लायब्ररी, म्हणजे आणखी एक जोडणी, आल्याशिवाय मी येत नाही. लायब्ररीला बोलवावं तर तिचं आणखी दुसरीवर अडलेलं. ती यायला निघाली तर नेट गेलं. लाल अक्षरात रुसवे यायचे. मामा प्रत्येक रुसवा वहीत उतरवून घ्यायचा, बाईंना वाचून दाखवायचा, त्या सांगतील ती ओळ टाइप करायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी लाल अक्षरं थांबली. मामानं दोन अधिक दोन विचारलं. यंत्रानं चार सांगितलं. शाळेत गेलेलं दिसतंय, मामा म्हणाला.

पण चार सांगितलं म्हणून सोडील तो मामा कसला. त्याला पाच किलोचं वजन हवं होतं. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं काहीतरी. आणि अख्ख्या केंद्रात एकच उत्तर त्याला तोंडपाठ होतं.

त्या मोठ्या चाचणीची छापील पुस्तिका साहेबांच्या खोलीत काचेखाली ठेवलेली, तिची एक प्रत मामाच्या खणात. नव्या वाणाच्या ओळीपुढं दोन चांदण्या. साहेबांनी तेव्हा सांगितलं होतं, एक चांदणी म्हणजे फरक खरा आहे, दोन म्हणजे वादच नाही. शेवटून तिसऱ्या पानावर, सर्व वजने केंद्राच्या मोजणीदाराने घेतली, असं छापलेलं. मामाचं नाव नव्हतं, पण मोजणीदार एकच होता. वजनांची वही तो दोन प्रतींत ठेवायचा, एक साहेबांना, एक कपाटात. कपाटातली काढली. बत्तीस वाफ्यांची बत्तीस वजनं एकेक करून घातली, दोनदा ताडून पाहिली, बाईंनी लिहिलेली ओळ टाइप केली.

तक्ता आला. सगळं आलं, चांदण्या आल्या नाहीत.

चांदण्या नीट बसल्या नाहीत, हे मामाच्या लगेच लक्षात आलं. त्यानं आर काढून टाकलं. परत घातलं, परत नातेवाईक गोळा केले, परत बत्तीस वजनं. चांदण्या नाहीत. टपालबाबूला विचारलं, चांदण्यांचं वेगळं पॅकेज असतं का? बाबू म्हणाला, मामा, फुकटच्या सॉफ्टवेअरला चांदण्या कशा येतील, त्यांचेच तर मालक पैसे घेतात. मामाला ते थोडंफार पटलं, पण बाईंनी असं काही सांगितलं नव्हतं. परत काढलं, तिसऱ्यांदा घातलं. चौथ्यांदा तर त्यानं खोलीतला दुसराच कॉम्प्युटर घेतला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. त्यात आठवडा गेला. आणि दर वेळी तक्त्यातले आकडे तेच, शेवटच्या दशांशापर्यंत. इथं मामा जरा थबकला. बिघडलेला काटा कधी दोन मारतो, कधी तीन. हा मात्र चारही वेळा एकच बोलत होता.

त्यानं बाईंना फोन केला आणि चांदण्या राहिल्यात म्हणून सांगितलं. बाईंनी तक्ता वाचून दाखवायला लावला.

"मामा, चांदण्या बसवायच्या नसतात. फरक असला तर त्या आपोआप उमटतात."

मग त्यांनी त्याला एक तपासणी करायला लावली. या सॉफ्टवेअरसोबत नमुन्याचे आकडे येतात, त्यांची उत्तरं जगभर ठाऊक असतात. मामानं ते चालवले. तीन चांदण्या ठणठणीत उमटल्या. बाई म्हणाल्या, यंत्र बरोबर आहे. आता पुस्तिकेत वाफे किती धरलेत ते बघा. मामा म्हणाला, बत्तीस, मी मोजलेत. बाई म्हणाल्या, तरी बघा.

आपला उल्लेख असलेल्या पानापुढं मामानं पुस्तिका कधी वाचली नव्हती. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: वाफे क्रमांक ७, १८ व २९ गुरांनी उद्ध्वस्त केल्यामुळे वगळले. मोजणीदाराचा दाखला सोबत.

त्यानं ते तीन आकडे काढले आणि ओळ पुन्हा चालवली. दोन चांदण्या. आकडे पुस्तिकेशी तंतोतंत. मामानं टेबलावर थाप मारली आणि टपालबाबूला ओरडून सांगितलं की बसलं, बरोबर बसलं. बाबू चहा सांगायला उठला. आणि चहा येईतो मामाच्या डोक्यात एकेक उजेड पडत गेला.

उद्ध्वस्त झालेल्या वाफ्यांची वजनं त्याच्या वहीत आली कुठून? सातवा, अठरावा, एकोणतिसावा. तिन्ही त्यानं स्वतः कापून, झोडून, मोजले होते. भरले होते. त्यानं बोट फिरवत आठही वाफे बघितले, ज्यात नवा वाण होता ते. हे तीन सगळ्यात हलके होते. मग वहीच्या मागचा शेताचा नकाशा उघडला. गुरं शिरली तो कोपरा पहिल्या आणि दुसऱ्या वाफ्याचा. सातवा पुढच्या ओळीत, अठरावा मध्यात, एकोणतिसावा पार पलीकडच्या बांधाला. म्हणजे गुरं कोपऱ्यातनं आली, सहा वाफे सोडून सातव्यात जेवली, मग दहा वाफे सोडून अठराव्यात, मग परत दहा सोडून एकोणतिसाव्यात. आणि तिन्ही वेळा नवा वाणच ओळखून खाल्ला, त्यातही नेमका हलका. अशी शिकलेली गुरं मामानं जन्मात पाहिली नव्हती.

पहिल्या आणि दुसऱ्या वाफ्याच्या कडेच्या ओळी गेल्या होत्या, दाजी म्हणाला होता तशा. कडेच्या ओळी कुठल्याच वाफ्याच्या वजनात धरत नाहीत. म्हणून ते दोन्ही वाफे वजनाला पुरे भरले होते. त्याच हंगामात मामाला हे जाणवलं होतं. हे कसे काय भरले, आणि भुईसपाट झाले ते तीन कुठले, असं मनात आलंही होतं. पण साहेबांना जास्त कळतं म्हणून त्यानं ते मनातल्या मनात दाबलं होतं.

आणि दाखला. तोही आता आठवला. रजेवरून आल्या दिवशी साहेबांनी एक कागद पुढं केला होता. वाफे क्रमांक, पुढं टिंबं टिंबं, यांचे गुरांमुळे नुकसान झाले. साहेब म्हणाले, आकडे मी भरतो, तुझी पोर दवाखान्यात आहे, तू सही करून जा. पितळी वजन ठेवल्याशिवाय काट्याचं तोंड न बघणाऱ्या माणसानं टिंबांखाली सही केली होती. वर साहेबांना आपल्या पोरीची काळजी आहे म्हणून डोळे पुसले होते.

चहा तसाच ठेवून मामा साहेबांच्या खोलीत गेला. दोन्ही तक्ते त्यांच्यापुढं ठेवले, एक चांदण्यांचा, एक बिनचांदण्यांचा. साहेबांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला. चिडले नाहीत. बस म्हणाले. त्या तीन वाफ्यांखाली मुरूम होता, वाणाचा दोष नव्हता, असे वाफे सगळेच वगळतात, असं समजावत राहिले. वाण चांगलाच होता म्हणून लोकांनी अकरा वर्षं पेरला, असंही म्हणाले.

"मग मुरूम लिहायचा होता," मामा म्हणाला. "गुरं कशाला लिहिली?"

"मुरूम म्हटलं की मातीचा अहवाल मागतात. गुरं खरंच आली होती."

"कोपऱ्यात आली होती."

साहेबांनी तक्त्यांची घडी घालून ते मामाकडं सरकवले. मग म्हणाले की गुरं लिहिली तर राखणदार ठेवून चालत नव्हतं, वर विचारलं असतं. आणि तो माणूस तसाही फारसा कामाचा नव्हता. मामा म्हणाला, तो माझा दाजी आहे. साहेब म्हणाले, ठाऊक आहे, म्हणून तर तुला त्रास नको म्हणून मी तुला यातलं काही कळू दिलं नाही. आणि मामा उठला तेव्हा, जाता जाता सांगावं तसं, हलक्या आवाजात म्हणाले:

"हे बाहेर काढलंस तर एक ध्यानात ठेव. दाखल्यावर सही तुझी आहे. माझी कुठंच नाही."

तीस वर्षांत साहेबांनी त्याला सांगितलेली ही पहिली गोष्ट, जी ताडून बघायची गरज नव्हती. ती खरीच होती.

मामानं त्याच दुपारी कागद लिहिला. बत्तीस वाफ्यांची बत्तीस वजनं. सात, अठरा आणि एकोणतीस हे वाफे शाबूत होते, मी कोऱ्या जागेखाली सही केली, राखणदाराचं म्हणणं खरं होतं. दोन्ही तक्ते जोडले. टपालबाबूपुढं ठेवून म्हणाला, वर मुख्य कार्यालयात पाठव, आणि जावक क्रमांक माझ्यासमोर घाल. बाबूनं वाचलं आणि प्रथमच त्याला काही विनोद सुचला नाही. निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमचे, गप बसा, असं तो म्हणाला. पहिली चौकशी तुमचीच होईल. मामा म्हणाला, होऊ दे, क्रमांक घाल. बाबूनं शिक्का मारला. मामानं स्थळप्रत घेतली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाला. महिना संपायला दोन दिवस होते.

अक्काचं घर दोन खोल्यांचं. दार उघडंच होतं. आत खोकी दोरीनं बांधून भिंतीला लावलेली, भिंतीवर काढलेल्या फोटोंचे पांढरे चौकोन. अक्का गादी गुंडाळत होती. त्याला बघून ती गादीवर तशीच बसली आणि पदर तोंडाला लावला. दाजी आरशापुढं उभा राहून गणवेशाच्या शर्टाची बटणं लावत होता. तो आता एका गोदामाच्या फाटकावर असायचा, संध्याकाळची पाळी. केस पार पांढरे झाले होते.

"या पाहुणे," तो आरशातच म्हणाला.

मामाला बसायला खोक्यांशिवाय काही नव्हतं. तो उभ्यानंच बोलला. सॉफ्टवेअर, वाफे, दाखला, साहेब, सगळं. स्थळप्रत पुढं केली. दाजीनं ती घेतली, हात लांब करून वाचली, क्रमांक आणि शिक्का बघितला. घडी घालून अक्काच्या हातात दिली.

"मी त्या दिवशी काय म्हणालो होतो?"

"दोन वाफे. कडेच्या ओळी."

"अकरा वर्षं तेच म्हणतोय. आता त्या डब्यानं सांगितलं, तर पटलं."

मामा म्हणाला, त्याचंही लगेच नाही पटलं. चारदा बसवून बघितलं. मला वाटलं, चूक त्याचीच.

दाजीनं पहिल्यांदा वळून त्याच्याकडं बघितलं. राग नव्हता चेहऱ्यावर. असता तर मामाला बरं वाटलं असतं.

"त्याला चारदा विचारलंस," तो म्हणाला. "मला एकदा विचारायचं होतं."

माफीचा शब्द मामा वाटेत घोकत आला होता, पण या वाक्यापुढं काढावा असा तो राहिला नाही. अक्का म्हणाली, बस तरी, पाणी देते. कुठल्याशा खोक्यातनं पेला काढायला ती दोरी सोडू लागली, तर दाजी म्हणाला, आता सोडू नकोस, परत बांधायला कोण आहे. मग टोपी उचलून तो कामावर निघाला.

मामा दारात उभा होता. तो बाजूला झाला, दाजी बाहेर पडला, आणि मामा त्याच्या मागोमाग चालू लागला. चल म्हणून दाजी म्हणाला नाही. येऊ नकोस असंही म्हणाला नाही. गोदाम मैलभरावर. दोघं रस्त्याच्या कडेनं गेले, दाजी दोन पावलं पुढं, मामा दोन पावलं मागं. फाटकाशी दाजीनं किल्ली काढली, आत गेला आणि आपल्या खुर्चीवर बसला. खुर्ची एकच होती. मामा फाटकाबाहेर दगडावर टेकला आणि पाळी संपायची वाट बघत राहिला.